नाट्यशास्त्रात एम.ए. : पुणे, मुंबई की संभाजीनगर?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे शेती आणि पुराच्या धाग्यांवर असतो, या विभागात पहिल्यांदाच येतोय. सांभाळून घ्या.

मुलगी सांगलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. मार्क चांगले आहेत. आम्ही एम.एस्सी. किंवा बी.एड. धरून चाललो होतो. दिवाळीत जेवताना एकदम म्हणाली, "बाबा, मला नाटकात एम.ए. करायचंय, दोन वर्षांचं." तिच्या आईनं वाढायचं थांबवलं. मी म्हटलं बघू. बघू म्हटलं की चार महिने जातात असा अनुभव होता, पण ही रोज विचारते.

आता माझा विरोध मावळलाय. (विरोध करायचं काम तिच्या आजीकडे सोपवलंय.) तीन ठिकाणांची नावं तिनं काढलीत: पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी आणि संभाजीनगरचा विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग. कोल्हापूर जवळ आहे म्हणून मी सुचवलं, तर "घरून ये-जा करून नाटक होत नाही" असं उत्तर मिळालं.

यातलं चांगलं कोणतं? पुढे पोटापाण्याचं काय? मुलीच्या राहण्याचं काय? अनुभवी लोकांनी लिहावं ही विनंती.

मोहरी
सांगलीकरानं नाटकाबद्दल इतरांना विचारायचं म्हणजे नागपूरकरानं संत्री कशी सोलायची ते विचारण्यासारखं आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' तुमच्याच गावात केलं ना हो? :)

कृष्णाकाठ
केलं. पण त्यांना चिंतामणराव पटवर्धनांचा राजाश्रय होता. माझ्या मुलीला फक्त माझा आहे.

डिमरवाला
एकच प्रश्न. तिला नाटकात नक्की काय करायचंय?

पेठेतली_मी
ललित कला केंद्र. डोळे मिटून. १९८७ साली सुरू झालेलं आहे, सतीश आळेकरांनी पुढे बरीच वर्षं प्रमुख म्हणून ते सांभाळलं. संगीत, नृत्य आणि नाटक तिन्ही एका आवारात. तालमीतून बाहेर आलं की शेजारी कुणीतरी तबल्याचा रियाज करत असतं, हे नकळत कानात साठतं. मी तिथली विद्यार्थिनी नाही, पण मुलांचे प्रयोग बघायला कैक वेळा गेलेय. कधी फसलेले असतात, कंटाळवाणे मात्र क्वचितच.

शिवाय पुणं. एका संध्याकाळी सुदर्शनला प्रायोगिक, दुसऱ्या संध्याकाळी बालगंधर्वला व्यावसायिक, तिसऱ्या दिवशी भरत नाट्य मंदिरात स्पर्धा. वर्गात सहा तास शिकलेलं संध्याकाळी तपासून बघता येतं.

लोकल_८१२
आलं पुणं. डोळे मिटून काय, उघडे ठेवून बघा. व्यावसायिक नाटक मुंबईत आहे. शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ, गडकरी. कलिन्याला मुंबई विद्यापीठाची अकादमी २००३ पासून आहे, वामन केंद्रे तिचे पहिले संचालक. एनएसडीत, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, शिकून आलेल्या माणसानं घडी बसवलेली असल्यामुळे शिस्त त्या पद्धतीची आहे: शरीर, आवाज, मग बाकीचं. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुलं येतात. सांगलीची मुलगी तिथे एकटी पडणार नाही.

पेठेतली_मी
एकटी पडणार नाही, पण राहणार कुठे? कलिन्याजवळ खोलीचं भाडं विचारून बघा, मग शरीर-आवाज-बाकीचं बोलू.

लोकल_८१२
मी शिकत असताना डोंबिवलीहून यायचो. जिन्यावर धावणं, दारात लटकणं आणि गर्दीत कोपर न लागू देता पुस्तक वाचणं. देहबोलीचा वेगळा तास लावायची गरज पडली नाही.

अण्णा_गोदाकाठ
दोघांचं झालं असेल तर आमच्याकडे वळा. आमच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग कमलाकर सोनटक्क्यांनी उभा केला, तेव्हा तुमच्या अकादमीचा पत्ताही नव्हता. 'जिगीषा' नाट्यसंस्थेची मंडळी, म्हणजे चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, याच गावातून मुंबईला गेली. मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेलं पोरगं आपल्याच बोलीत नाटक करतं, कुणी त्याचा 'ण' आणि 'न' धरून हसत नाही. खर्चही तुलनेनं कमी. हां, व्यावसायिक नाटक वर्षातून मोजून येतं. म्हणून मुलं स्वतःच नाटक करतात. यात तोटा आहे की फायदा, ते तुम्ही ठरवा.

(शहराच्या नावावरून कुणी धागा भरकटवू नये. हात जोडतो.)

शेंगदाणा_चटणी
शिकून कुणी नट होतं का? डॉ. लागू नाक-कान-घशाचे सर्जन. डॉ. आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. आणि वर ज्यांचं नाव आलंय ते आळेकर बायोकेमिस्ट्रीवाले, बी. जे. मेडिकलमध्ये नोकरीला होते. पोरीला एम.एस्सी. करू द्या, रविवारी नाटक करेल.

पेठेतली_मी
आणि हे तिघेही पुण्यात तयार झाले, हे तुम्ही माझ्यासाठीच लिहिलंत का?

बॅकस्टेजवाली
शेंगदाणादादा, हा युक्तिवाद दर वेळी येतो. डॉ. लागूंसारखी माणसं उदाहरण म्हणून सोपी आणि वाट म्हणून अवघड. त्यांच्या काळात नोकरी पाचला सुटायची आणि तालीम सहाला लागायची. आज लॅबमधून किंवा कंपनीतून पोरगी आठला सुटली तर ती नाटक करेल की झोपेल?

मी असाच एक दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलाय. कुठला ते सांगत नाही, कारण काही गोष्टी चांगल्या लिहिणार नाहीये. जायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं थोडं लिहिते.

पहिलं, कायमस्वरूपी शिक्षक किती आहेत ते बघा. माझ्या वेळी तासिका तत्त्वावरच्या माणसांवर विभाग चालायचा. माणसं जीव तोडून शिकवायची, पण एप्रिलमध्ये त्यांचा करार संपायचा आणि नव्या वर्षी नवा माणूस पुन्हा 'रंगमंचाचे नऊ भाग' पासून सुरू करायचा. भरतमुनींचा रससिद्धांत मी दोन वर्षांत तीनदा शिकले. जर्मन नाटककार ब्रेख्त एकदाही नाही.

दुसरं, पाहुणे कोण येतात आणि किती दिवस थांबतात. दोन तासांचं व्याख्यान आणि फोटो याला कार्यशाळा म्हणायची पद्धत आहे. एकदा एक दिग्दर्शक आले होते, पंधरा दिवस राहिले, रोज सकाळी सातला आमच्याबरोबर जमिनीवर. त्या पंधरा दिवसांवर मी आजही जगतेय.

तिसरं, आणि मुलीच्या बापानं हे नक्की विचारावं: वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं? आमचं दहाला व्हायचं. तालीम रंगात यायची साडेनऊला. मुलं थांबायची आणि आम्ही चपला शोधायचो. मग मोठ्या भूमिका आपोआप ज्यांना थांबता येतं अशा मुलींकडे, म्हणजे शहरात घर असलेल्यांकडे जायच्या. माहितीपत्रकात ही ओळ कुठेही छापलेली नसते. वसतिगृहातल्या मुलींनाच विचारा.

कृष्णाकाठ
बॅकस्टेजवाली ताई, फाटकाचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी उलटं विचारणार होतो, फाटक लवकर बंद होतं ना म्हणून.

बॅकस्टेजवाली
ठाऊक आहे. माझ्या बाबांनीही तेच विचारलं होतं.

राजेहो
आमच्या विदर्भाचं कोणी नावच नाही घेऊन राहिलं. चालू द्या. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, ये म्हणा पोरीला, धान कापणी झाली की रात्रभर नाटक. दोन वर्षांत जेवढं शिकन तेवढं एका हंगामात शिकून जाईन. गावोगावी मंडप, हजारोंनं माणसं बसते पहाटेपर्यंत, अन् आवाज नाही पोचला तर मागून लगेच ओरडते.

मोहरी
राजेहो, वडसा देसाईगंजला मी एकदा हा हंगाम पाहिलाय. एका दुकानासमोर ओळीनं कंपन्यांचे फलक, नाटक ठरवायला आलेले गावकरी आणि चहा. तसा बाजार पुण्या-मुंबईत कुठे पाहिला नाही. पण काकांनी एम.ए. विचारलंय हो.

यमुनातीर
दिल्लीहून लिहितोय. एनएसडीचा विषय अजून निघाला कसा नाही? राष्ट्रीय नाट्य विद्यालय, १९५९ ची संस्था, मंडी हाऊसजवळ बहावलपूर हाऊसमध्ये. इब्राहिम अल्काझींनी संचालक म्हणून १९६२ ते ७७ तिथे जे केलं त्यावर आजही देशातले अर्धे नाट्यविभाग चालतात. रोहिणी हट्टंगडी, ज्योती सुभाष तिथल्याच. राहायची सोय, शिष्यवृत्ती.

लोकल_८१२
काका दोन वर्षांचं विचारतायत. एनएसडी तीन वर्षांची, आणि पदविका. जागा तिसेक, अर्ज देशभरातून. आधी प्राथमिक फेरी, मग दिल्लीत कित्येक दिवसांची कार्यशाळा घेऊन निवड. आधी काही नाटकांत काम केल्याचा पुरावाही लागतो. म्हणून बरीच मुलं दोन वर्षांचं एम.ए. करतात आणि त्या काळात एनएसडीची तयारी करतात. हा मार्ग वाईट नाही. वयाची अट मात्र तपासून घ्या.

यमुनातीर
मान्य. पण मग तेवढ्यावर थांबू नका. दोन वर्षांचंच हवं असेल तर हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात आहे, पुदुच्चेरीला आहे. लखनौच्या भारतेंदू नाट्य अकादमीचा अभ्यासक्रमही दोन वर्षांचा, पण तीही पदविका. पुढे प्राध्यापकीसाठी नेट द्यायची असेल तर पदव्युत्तर पदवी लागते, त्यामुळे पदवी की पदविका हा फरक आधीच बघा. नेटमध्ये नृत्य-नाट्य असा एकत्र विषय आहे, क्रमांक ६५.

तुंगभद्रा
सांगलीकरांना कन्नड कळत असेल तर हेग्गोडूचं नीनासम विसरू नका! के. व्ही. सुब्बण्णांनी सुपारीच्या बागांमधल्या एवढ्याशा खेड्यात उभं केलेलं. एका वर्षाचा अभ्यासक्रम आहे, दोनचा नाही, आणि शिक्षण कन्नडमधून. पण तिथून निघालेली मुलं 'तिरुगाट'मध्ये नाटकं घेऊन कर्नाटकभर फिरतात. पहाटे उठून झाडलोट, रात्री नेपथ्य ट्रकमध्ये चढवणं, सगळं स्वतः.

कृष्णाकाठ
कन्नड आम्हाला मिरजेच्या बाजारापुरतं येतं. "एष्टु" (किती) विचारता येतं, उत्तर कळत नाही.

जर्सीची_माई
आमच्याकडे न्यू जर्सीत थोडं निराळं आहे. 'टू इयर थिएटर डिग्री' म्हटलं की लोक कम्युनिटी कॉलेजची असोसिएट डिग्री समजतात, बारावीनंतरची. माझ्या लेकानं तीच केली, मग चार वर्षांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला बदली घेतली. खर्च निम्म्याच्याही खाली आला. इकडे पदव्युत्तर एम.एफ.ए. बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचं असतं. तुमच्या उपयोगाचं नाही, पण आपली लेकरं सगळीकडे हेच करतायत, एवढंच सांगायचं होतं. आमच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात त्यानं एकांकिकेत पोलीस केला होता. एकच वाक्य होतं. ते इंग्रजीत बोलला.

शेंगदाणा_चटणी
:)) माई, पुणेकरांनी एवढ्यावरूनही बक्षीस कापलं असतं.

मांडवीकाठचो
गोव्यातून एक आवाज. कांपालला कला अकादमीत नाट्यविद्यालय आहे, चार्ल्स कोरियांची इमारत, समोर मांडवी. शिकायला या वा न या, पण देवळांच्या जत्रांत होणारी नाटकं बघायला पोरीला एकदा घेऊन या. गावचा पोस्टमन राजा होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र टाकायला येतो तेव्हा भुवयांना काजळ राहिलेलं असतं.

डिमरवाला
माझ्या प्रश्नाला अजून उत्तर नाही. तिला काय करायचंय?

कृष्णाकाठ
डिमरवाले साहेब, माफ करा, राहून गेलं. अभिनयच असणार ना. नाटकात जायचं म्हणजे दुसरं काय.

डिमरवाला
काका, "असणार ना" नको. विचारा.

मी पंधरा-सोळा वर्षं लाईट करतोय, व्यावसायिक आणि प्रायोगिक दोन्ही. एका प्रयोगाला स्टेजवर चार माणसं असतील तर मागे आठ असतात: प्रकाश, नेपथ्य, संगीत, वेशभूषा, रंगभूषा, मॅनेजर. या प्रत्येकासाठी चांगलं कॉलेज वेगळं. अभिनय शिकायचा तर शिक्षक आणि सहविद्यार्थी बघा. लेखन करायचं तर ग्रंथालय बघा आणि तुमची संहिता कुणी उभी करून बघतं का ते बघा. लाईट शिकायचे तर सरळ जाऊन विचारा, दिव्यांचा कंट्रोल बोर्ड कोण चालवतं? अनेक ठिकाणी उत्तर येतं, "आमचा ऑपरेटर आहे." म्हणजे मुलं फळ्यावर फ्रेनेल आणि प्रोफाइल या दिव्यांची चित्रं काढतात आणि प्रयोगाला बाहेरचा माणूस टेम्पोतून दिवे आणून लावून जातो. जिथे मुलं स्वतः शिडीवर चढतात, दिवा फोकस करतात आणि क्यू (दिवा बदलायची खूण) चुकल्यावर शिव्या खातात, ते कॉलेज.

माझं शिक्षण? दादरला एका लाईटवाल्याकडे केबल गुंडाळायचो. आठ महिने फक्त केबल. तेव्हा मलाही वाटायचं एम.ए. कशाला हवं. आता वाटतं, रंगाचा सिद्धांत, नाटक कसं वाचायचं, प्रकाशयोजनाकार तापस सेनांनी बंगालमध्ये इतक्या कमी साधनांत काय केलं, हे कुणी विशीत सांगितलं असतं तर चाळिशीत धडपडायला लागलं नसतं. म्हणून मी पदवीच्या विरोधात नाही. पण कशाची पदवी?

बॅकस्टेजवाली
डिमरवाल्यांना शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडे बोर्डाच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असायची ते सर रजेवर.

अण्णा_गोदाकाठ
मुद्दा बरोबर. भर म्हणून एक सांगतो: शेवटच्या वर्षाच्या मुलांचा प्रयोग असतो तो जाऊन बघा. आणि प्रयोगापेक्षा त्याच्या आदल्या दिवशीची रंगीत तालीम बघायला मिळाली तर उत्तम. प्रयोगात सगळे गोड असतात. तालमीत दिग्दर्शक चुकलेल्या पोराशी कसं बोलतो त्यावरून विभाग कळतो.

पेठेतली_मी
हे मात्र खरं. आणि 'पुरुषोत्तम'ला पुण्याबाहेरची मुलं बिचकतात, तसं नको म्हणा. १९६३ पासून चालू असलेली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा आहे, भरत नाट्य मंदिरातला तो आरडाओरडा एकदा अनुभवायलाच हवा. 'आवाज कुणाचा' म्हटल्यावर छप्पर हलतं.

लोकल_८१२
छप्पर हलतं, निकालानंतर मैत्र्याही हलतात.

शेंगदाणा_चटणी
पोटापाण्याचा प्रश्न सगळ्यांनी शिताफीनं टाळलाय असं नोंदवतो.

बॅकस्टेजवाली
टाळला नाही, उत्तर लांबलचक आहे. माझ्या बॅचचं सांगते, आकडेवारी नाही. एक जण मालिकेत, रोज दिसतो. दोघी शाळांमध्ये नाट्यशिक्षक, मोठ्या शाळा आता अशी पदं ठेवतात. एक नेट होऊन तासिका तत्त्वावर, म्हणजे माझ्या जुन्या सरांच्या जागी, तोही बहुतेक रससिद्धांतच शिकवत असणार. एक जण कॉर्पोरेट कार्यशाळा घेतो, आमच्यात सगळ्यात जास्त कमावतो आणि सगळ्यात जास्त कुरकुरतो. एकीनं डबिंगमध्ये जम बसवला. एक गावी परत जाऊन दुकान चालवतो आणि राज्य नाट्य स्पर्धेला दरवर्षी उतरतो, तो मला सगळ्यात सुखी वाटतो, पण तो दुकानामुळेही असेल. मी प्रॉडक्शन सांभाळते. पहिली तीन-चार वर्षं घरून पैसे मागवले. काकांनी ते धरून चालावं.

कृष्णाकाठ
मंडळी, काल रात्री विचारलं.

म्हटलं, "तुला नटी व्हायचंय ना?" तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शेजारचा कुणी आहे. "बाबा, मी तीन वर्षांत एकदा तरी स्टेजवर दिसले का तुम्हाला?"

मी तिच्या कॉलेजच्या दोन एकांकिका बघितल्यात. दोन्ही वेळा ती दिसली नाही. मला वाटलं छोटं काम असेल, गर्दीत असेल, माझंच लक्ष नव्हतं. दोन्ही वेळा घरी आल्यावर "छान केलंस" असंही म्हणालो होतो.

तिला प्रकाशयोजना करायची आहे.

आता लक्षात येतंय. माझ्या टेबलावरच्या दिव्याला गेल्या वर्षापासून पिवळट रंगाचा पातळ कागद चिकटवलेला आहे. मला वाटायचं, डोळ्यांना त्रास नको म्हणून मुलीनं काळजीनं लावलाय. मी चारचौघांत कौतुकही केलं त्याचं. ते जिलेटिन आहे, स्टेजच्या दिव्यांना रंगासाठी लावतात ते. अंबर. ती भिंतीवर सावली कशी पडते ते बघत होती.

मोहरी
काका :))))

राजेहो
बाप्पा! आता धागा पहिल्यापासून वाचा लागते.

डिमरवाला
(शांतपणे चहा पितो.)

कृष्णाकाठ
नमस्कार, मी त्यांची मुलगी, बाबांच्या आयडीवरून लिहितेय. बाबा शेजारी बसलेत. सगळा धागा वाचला. थँक यू सगळ्यांना, खास करून फाटकाबद्दल लिहिलंत त्या ताईंना.

डिमरवाले दादा, मला विचारायचं होतं. आमच्याकडे कॉलेजला स्वतःचे दिवे म्हणजे चार पार दिवे आणि दोन हॅलोजन. एका स्पर्धेत शेवटच्या प्रवेशाला, म्हातारी खिडकीत एकटी बसते तिथे, वरचा दिवा लागलाच नाही. मी मोबाइलच्या टॉर्चवर अंबरचा तुकडा धरला आणि विंगेतून तिच्या चेहऱ्यावर पाडला. पावणेदोन मिनिटं. हात इतका थरथरत होता की प्रकाश हलत होता. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, 'शेवटच्या प्रवेशातील कंदिलाच्या उजेडाचा आभास परिणामकारक.' कंदील आमच्या नाटकात नव्हताच. आम्हाला प्रकाशयोजनेचं दुसरं बक्षीस मिळालं आणि मला आजपर्यंत कळलेलं नाही की ते माझं की थरथरीचं.

मला ते मुद्दाम करता यायला हवंय. म्हणून शिकायचंय. फिजिक्समध्ये प्रकाशाचं सगळं आहे, अपवर्तन, तरंगलांबी, पण म्हातारीच्या चेहऱ्यावर किती आणि कुठून, ते नाही. अशा मुलीनं तिघांपैकी कुठे जावं? एनएसडीत डिझाइन आहे हे माहीत आहे, ते नंतर.

डिमरवाला
बाळ, तिन्ही ठिकाणी अर्ज कर. मी एकाचं नाव घेणार नाही, कारण बोर्डाची किल्ली कुणाकडे हे दरवर्षी बदलतं. तू स्वतः जाऊन बघ. विचारायचं एवढंच: मागच्या वर्षी मुलांच्या निर्मितीची प्रकाशयोजना कुणी केली? विद्यार्थ्याचं नाव आलं तर त्या विद्यार्थ्याला गाठ. "सरांनी मार्गदर्शन केलं" असं आलं तर पुढचं कॉलेज.

मुलाखतीला बहुतेक ठिकाणी स्वगत, थोडं गाणं, एखादी उत्स्फूर्त गोष्ट करायला सांगतात, तू लाईट म्हणालीस तरी. ते टाळू नकोस. पण बरोबर तुझी क्यू शीट ने. हातानं लिहिलेली, खाडाखोड असलेली. स्वच्छ टाइप केलेली नको.

यमुनातीर
आणि कागदपत्रं! शिवाजी विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल. निकाल लागल्या लागल्या अर्ज टाका. मुलं स्वगत पाठ करत बसतात आणि प्रवेश कागदावर अडकतो.

अण्णा_गोदाकाठ
आमच्याकडे आलीस तर राहायला घर आहे, काकू चांगलं जेवायला घालतात. हे लाच म्हणून धरू नये.

पेठेतली_मी
पुण्यात आलीस तर मीही आहे. जेवायचं मात्र आधी कळवायचं.

लोकल_८१२
स्वगतासाठी एक सल्ला: मागे एकाच दिवशी अकरा मुलं एकच गाजलेलं स्वगत घेऊन आली होती. अकराव्याच्या वेळी परीक्षकच ओठ हलवत होते. गावातलं काहीतरी आण. आजीचं बोलणं लिहून काढ.

कृष्णाकाठ
(पुन्हा मीच, बाप.) आजीचं बोलणं लिहून काढायचं तर फार लांब जायला नको. आत्ताच "दिवे लावायला एम.ए. कशाला, संध्याकाळी रोज लावतेच आहे" असं झालंय.

मोहरी
हे स्वगत घेऊन जा. प्रवेश पक्का.

डिमरवाला
काका, पुढच्या रविवारी माटुंग्याला यशवंतला दुपारचा प्रयोग आहे. सकाळी आठला दिवे लावायला घेतो, प्रयोग चारला. तिला घेऊन या, मागच्या दारानं, माझं नाव सांगा. सकाळपासून थांबेल तर कॉलेज निवडायला सोपं जाईल, किंवा सगळंच नको वाटेल. दोन्ही चालेल. पायात बूट, केस बांधलेले. सोमवारी कलिन्याला जाऊन या.

कृष्णाकाठ
येतो. तेवढा वेळ मी काय करू?

डिमरवाला
शिडी धरता येते का?

कृष्णाकाठ
नारळ उतरवताना धरतो दरवर्षी. शनिवारच्या महालक्ष्मीची दोन तिकिटं काढली. वेटिंग ११ आणि १२. कन्फर्म होतील का, यावर नवा धागा काढू का इथेच विचारू?